दोन-तीन ग्रॅमची लूर पायाशीच पडते, मग रॉड कोणता घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सिडकोत राहता, सात फुटी मीडियम हेवी, म्हणजे ताठसा रॉड आहे, त्यावर ४००० साइजचं रीळ आणि ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. रबरी बेडूक लावून या सेटवर मरळ बऱ्यापैकी मिळतात. आता चिलापीसाठी आणि काठालगतच्या लहानसहान माशांसाठी दोन-तीन ग्रॅमच्या लूर, म्हणजे नकली आमिषं आणलीत, फिरत्या पात्याचे स्पिनर आणि शिशाच्या डोक्याच्या इवल्या इवल्या जिग, पण कितीही जोर लावा, लूर पाच-सात मीटरवर टपकन पडते. दुकानदार म्हणतो, नऊ फुटी टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा घ्या, लांब जाईल. मित्र म्हणतो, ०.५ ते ३ ग्रॅमचा जपानी पद्धतीचा रॉड मागव. बजेट पाच हजार. कोणाचं ऐकू?

दुकानदाराचं मुळीच नको. मित्राचं अर्धं ऐका.

मी नाशिकच्या आसपासच्या पाण्यांवर बरीच वर्षं हलक्या लूरने गळ टाकतोय, आणि घरी लोकांचे मोडके रॉड दुरुस्त करतो. कड्या बदलणं, तुटलेला शेंडा जोडणं, मूठ बसवणं. त्यामुळे रॉड पाण्यावर कसा वागतो हेही दिसतं आणि तो का मोडतो हेही. तुम्ही नेमके कुठे उभे राहता, मागे बाभळी आहेत की मोकळा उतार, वारा तोंडावर येतो की पाठीवर, यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. तिथे तिथे तसं सांगतो.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू, कारण ते फक्त रॉडमध्ये नाही.

फेकताना हाताच्या झटक्याने रॉड मागे वाकतो आणि सरळ होता होता लूर पुढे सोडतो. तो वाकतो कशाने, तर लूरच्या वजनाने. तुमचा रॉड पंधरा-वीस ग्रॅमचा बेडूक डोळ्यांसमोर ठेवून बनवलाय. त्याच्या टोकाला दोन ग्रॅम लावले तर, चिमणी बसली म्हणून वडाची फांदी लवत नाही, तसं होतं. मग माणूस जोर वाढवतो. त्याने रॉड वाकत नाहीच, नुसता शेंडा थरथरतो, दोऱ्यावरचं बोट कधी सोडायचं याचा अंदाज येत नाही, आणि लूर एक तर आभाळात जाते नाहीतर समोर आपटते. तुमच्या हाताला दोष नाही.

पण याहून मोठं दुखणं तुमच्या रिळावर आहे. ०.३५ मिलिमीटरचा नायलॉन तंगूस वीस मीटर मोजून घेतला तर त्याचं वजन भरतं साधारण २.२ ग्रॅम. म्हणजे दोन ग्रॅमची लूर वीस मीटर जायची असेल तर तिला स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दोरा मागे ओढत न्यायचाय. शिवाय जाड नायलॉनला रिळाचे वेटोळे लक्षात राहतात. ते स्प्रिंगसारखे बाहेर पडतात, कड्यांवर आपटतात आणि प्रत्येक आपटण्यात लूरचा वेग खातात. वीस ग्रॅमच्या बेडकाला हे काहीच वाटत नाही. दोन ग्रॅमच्या स्पिनरचा तेवढ्यातच जीव जातो.

आता हाच हिशेब ब्रेडचा, म्हणजे बारीक तंतूंच्या विणलेल्या दोऱ्याचा बघा. जपानी मोजणीतला पीई ०.६ नंबरचा दोरा जाडीला साधारण ०.१२८ मिलिमीटर असतो आणि वीस मीटरचं वजन पाव ग्रॅमच्या थोडंसं वर. वेटोळे जवळपास नाहीतच. ताकद चार-पाच किलोच्या आसपास, म्हणजे चिलापीला भरपूर. ब्रेड नको असेल, किंवा गाठी मारायचा कंटाळा असेल, तर ०.१६ ते ०.१८ चा मऊ नायलॉन घ्या. वीस मीटरला अर्धा ग्रॅम पडतो. ब्रेडइतका चांगला नाही, पण ०.३५ च्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मिळतोही स्वस्त.

म्हणून रॉडची ऑर्डर देण्याआधी एक करा. आहे त्याच रॉडवर, आहे त्याच रिळावर, जुन्या तंगुसाचा आधार खाली ठेवून वरचे शंभर मीटर बारीक दोरा भरा. स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळला जातो त्या फिरकीच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत. अर्धवट भरलेल्या स्पूलवरून बाहेर येताना दोरा कडेला घासतो आणि पुन्हा तीच रड. एवढं करून तीन ग्रॅमचा स्पिनर फेकून बघा. फेक वाढलेली दिसेल, आणि रॉड किती आडवा येतोय हे मग खरं कळेल.

बाजारातल्या स्वस्त ब्रेडबद्दल सांभाळून. पाकिटावर ०.१० लिहिलेलं असतं आणि हातात घेतला की शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड लागतो. चार पदरी चालेल, आठ पदरी जास्त गुळगुळीत आणि कड्यांतून आवाज न करता जातो. ब्रेडच्या टोकाला फार तर मीटरभर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे लूरआधीचा जोडतुकडा हवा, चार ते सहा पाउंडाचा. लीडर फार लांब ठेवलात तर गाठ रिळापर्यंत गुंडाळली जाते आणि फेकताना प्रत्येक कडीत अडखळते. मी गाठ शेंड्याच्या बाहेरच राहील एवढाच लीडर ठेवतो. अगदी स्वच्छ पाण्यात थोडा वाढवतो, तेव्हा गाठ मात्र बारीक लागते.

आता रॉड.

मुठीच्या वर एक आकडा छापलेला असतो. १-५ ग्रॅम, १-७ ग्रॅम, २-१० ग्रॅम वगैरे. काहींवर औंसात असतो. १/८ औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम, १/१६ म्हणजे पावणेदोन, १/३२ म्हणजे एक ग्रॅमला थोडा कमी. हे आकडे ठरवणारं सर्वांना बांधील असं काही मानक नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने छापते. एकाचा १-७ दुसऱ्याच्या २-१० पेक्षा ताठ निघू शकतो, आणि निघतो. म्हणून आकड्याकडे इशारा म्हणून बघायचं.

त्यातही लोक खालचा आकडा बघून फसतात. ‘०.५ पासून’ लिहिलंय म्हणजे अर्धा ग्रॅम मस्त जाईल असं नाही. अर्धा ग्रॅम लावला तर रॉड मोडणार नाही आणि लूर कशीबशी पुढे जाईल, एवढाच त्याचा अर्थ. रॉड खरा रंगात येतो तो वरच्या आकड्याच्या निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत. म्हणजे १-५ चा रॉड अडीच ते पावणेचार ग्रॅमला सर्वांत छान चालतो. २-१० चा पाच ते साडेसातला. तुम्हाला दोन-तीन ग्रॅम फेकायचेत, म्हणून २-१० तुमच्यासाठी जड. मित्राचा ०.५-३ दीड-दोन ग्रॅमला सुंदर, पण तीनच्या वर गेलात की शेंडा नुसताच लोळतो.

पण तुमचे दोन-तीन ग्रॅम खरोखर किती आहेत? जिग हेडवर १.५ लिहिलेलं असतं ते फक्त शिसं आणि गळाचं. त्यावर दोन इंची रबरी मासा चढवला की आणखी एक-दीड ग्रॅम. ओला झाला की अजून थोडं. म्हणजे हवेत जाते ती अडीच-तीन ग्रॅमची वस्तू. याउलट ० नंबरचा इनलाइन स्पिनर अडीच ग्रॅमच्या आसपास असतो, १ नंबरचा साडेतीन, आणि त्यावर काही चढवायचं नसतं. तुमच्याकडच्या सगळ्या लूर, जशा फेकता तशा, एकदा वजन करून घ्या. छोटे डिजिटल काटे स्वस्तात मिळतात. सराफ बाजारात ओळख असेल तर काम फुकटात, वर चहाही. मला वाटतं तुमचा बराचसा माल अडीच ते चारमध्ये निघेल. तसं असेल तर १-५ किंवा १-७ लिहिलेला अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलक्या लूरसाठीचा, हा तुमचा रॉड. माझ्या हातात सर्वांत जास्त वेळ असतो तो १-७ चाच.

वजनाइतकाच आकारही मोजावा लागतो, ते राहून जातं. तीन ग्रॅमचा धातूचा स्पून गोळीसारखा जातो. तीन ग्रॅमचा पोकळ, पोटफुगा क्रँकबेट हवेत गटांगळ्या खात निम्म्यावर पडतो. त्यासाठी रॉड बदलून उपयोग नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर धरणावर वारा सुटतो तेव्हा मी पोकळ लूर डब्यात ठेवून देतो आणि धातूच काढतो.

रॉड किती ताठ हे एक, आणि कुठून वाकतो हे दुसरं. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त शेंड्याकडच्या पाव ते एक तृतीयांश भागात वाकतो, खाली काठीच. मध्यम ॲक्शनचा जवळजवळ मध्यापर्यंत लवतो. दुकानात सगळे फास्ट हातात देतात, कारण तो हलवून बघितला की चुणचुणीत वाटतो. हलक्या लूरला मात्र मध्यम किंवा मध्यम-फास्ट बरा. तो सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो, आणि दोरा सोडायला हाताला वेळ देतो. बोट जरा उशिरा उठलं तरी फेक फुकट जात नाही. चिलापीचं तोंडही नाजूक, लवणारा रॉड गळ ओरबाडून काढत नाही. बारीक जिग तळाला टिचक्या मारत चालवायची असेल तर फास्ट हवा, कारण तळाचा स्पर्श हाताला स्पष्ट कळतो. स्पिनर आणि छोटे स्पून सरळ ओढायचे तर मध्यम. तुम्ही दोन्ही करणार म्हणताय, तर मध्यम-फास्ट घ्या.

आता दुकानात परीक्षा कशी घ्यायची. छताला शेंडा टेकवून रॉड वाकवून दाखवतात ना, त्यावर जाऊ नका. तसा जोर लावला की बांबूही वाकतो, आणि हलका शेंडा तिथेच मोडतो. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या शेंड्यांत छताचे आणि कारच्या दाराचे बळी पुष्कळ असतात. त्यापेक्षा खिशात रुपयाची नाणी घेऊन जा. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे, म्हणजे पाच नाणी जवळपास १९ ग्रॅम. ती एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोऱ्याने शेंड्याच्या कडीला बांधा आणि रॉड आडवा, जमिनीला समांतर धरा. दोन-तीन रॉड असेच एकापाठोपाठ धरून बघा. खऱ्या अल्ट्रालाइटचा शेंडा चांगला खाली झुकतो आणि वळण हळूहळू मध्याकडे उतरतं. नुसतं नाव अल्ट्रालाइट असलेला रॉड शेंड्याशी किंचित मान खाली घालतो, बाकी काठी तशीच. फेकताना झटक्यामुळे लूरचा भार तिच्या वजनाच्या कितीतरी पट पडतो, म्हणून नुसते दोन ग्रॅम टांगून काही दिसणार नाही, आणि म्हणूनच ही पाच नाणी. मग नाणी काढून शेंडा एकदा टिचकीने हलवा. लगेच थांबला तर उत्तम. डुलतच राहिला तर फेकताना दोराही तसाच डुलणार, कड्यांवर घासणार, आणि लांबी तिथेच जाणार. काचतंतूचे, म्हणजे फायबर ग्लासचे रॉड इथे मार खातात. मजबूत असतात, धक्के सोसतात, पण जड आणि सुस्त. या कामाला कार्बनच.

कार्बनवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे छापून येतात. ताठपणा जास्त म्हणजे तेवढ्याच कामाला नळीची भिंत पातळ ठेवता येते, रॉड हलका होतो. त्याचबरोबर खडकावर आपटला की तडकण्याचा धोका वाढतो. धरणाच्या पिचिंगच्या दगडांवर उभं राहून मासेमारी करणाऱ्याला ४० टनाचा हव्यास नको. तुमच्या बजेटमध्ये तसाही आकडाच मिळेल, कार्बन नव्हे.

कड्यांवर माझा जरा जास्तच जीव आहे, तेव्हा सहन करा. हलक्या रॉडच्या शेंड्याला मोठ्या, जड, दोन पायांच्या कड्या बसवल्या की चांगला शेंडा मंद होतो. सरळ होता होता त्याला ते लोखंडही ओढावं लागतं. म्हणून वरच्या कड्या लहान आणि एका पायाच्या हव्यात. साडेसहा-सात फुटी रॉडला टोकाची धरून सात-आठ कड्या असाव्यात. पाचच असतील तर रॉड वाकल्यावर दोरा मधल्या जागेत रॉडला चिकटतो. सर्वांत खालची, रिळाजवळची कडी मात्र उंच पायाची हवी, कारण स्पूलवरून गोल गोल सुटणारा दोरा तिथे सरळ व्हायचा असतो. आतली रिंग सिरॅमिकची आहे ना ते बघा. चमकदार मुलामा दिलेल्या पत्र्याच्या कडीला ब्रेड काही दिवसांत बारीक चर पाडतो, आणि मग तोच चर दोरा कापतो. कापसाचा बोळा किंवा कानकाडी घेऊन प्रत्येक कडीतून गोल फिरवा. कुठे तंतू अडकला तर रॉड परत ठेवा. मग एका डोळ्याने बुंध्यापासून शेंड्याकडे बघा, सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का. स्वस्त रॉडमध्ये मधलीच एखादी कडी तिरकी असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

नऊ फुटी टेलिस्कोपिक का नको, त्याचं उत्तर यातच आलं. लांबीने टोकाचा वेग वाढतो हे खरं, पण टेलिस्कोपिकच्या प्रत्येक सांध्यावर दुहेरी जाडी आणि एक कडी. वळण तुकड्यातुकड्याने पडतं, शेंडा जड, आणि नऊ फूट लांबीचं ते धूड दोन ग्रॅमला वाकत नाही ते नाहीच. तळाला आमिष टाकून बसायचं असेल तर जरूर घ्या. लूरसाठी दोन तुकड्यांचा रॉड घ्या. स्कूटरवरून न्यायला सोयीचा, आणि चांगला सांधा असेल तर अखंड रॉडपेक्षा काही उणं पडत नाही. सांधा जोडून हलवा, टकटक आवाज आला तर नको.

लांबी किती? मुकणे, वैतरणा किंवा दारणेच्या मोकळ्या उतारावर, पाणी मागे हटलेलं असताना, सात फूट. मागे काही अडत नाही आणि पाण्यापर्यंत चिखलाचा पट्टा असतो, तेवढी लांबी कामी येते. झाडीतल्या ओढ्यावर किंवा बंधाऱ्याखाली सहा, फार तर सव्वासहा. दोन्हीकडे एकच न्यायचा असेल तर साडेसहा. तुम्ही बहुतेक धरणांवरच जाता, तर सहा फूट आठ इंच ते सात फूट या पट्ट्यात बघा.

मित्राच्या जपानी रॉडबद्दल एक राहिलं. त्यांच्याकडे समुद्रकाठी रात्रीच्या वेळी बारीक जिगने बांगड्यासारखे दिसणारे लहान मासे पकडतात, त्या मासेमारीला आजिंग म्हणतात. तिथले बरेच रॉड भरीव शेंड्याचे असतात. भरीव शेंडा अगदी बारीक, मऊ, मासा नुसता ओठ लावतो तेही कळतं. पण लांब फेकायला आणि स्पिनर सतत ओढायला पोकळ शेंडा सरस, कारण तो हलका आणि लवकर सरळ होणारा. तुमचा प्रश्न फेकीचा आहे, म्हणून पोकळ शेंडा. मित्राकडे भरीव शेंड्याचा असेल तर एक दिवस मागून घ्या, मजा येईल, पण पहिला रॉड म्हणून नको.

बेटकास्टिंगचं तुम्ही विचारलं नाही, तरी कोणीतरी सुचवेलच. त्या रिळात फेकताना स्पूल स्वतः फिरतो, आणि त्याला फिरवायची ताकद लूरकडूनच यायची. दोन ग्रॅममध्ये ती नसते. अत्यंत हलक्या स्पूलची खास रिळं मिळतात, पण तुमचं सगळं बजेट एका रिळात जाईल. तुमचं आहे तसं, स्पूल स्थिर राहणारं स्पिनिंग रीळच ठेवा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पीई ०.५ किंवा ०.६ चा दोरा, १००० ते २००० साइजचं रीळ, त्यातही उथळ स्पूल मिळाला तर फार बरं, आणि १-५ किंवा १-७ ग्रॅमचा, मध्यम-फास्ट, पोकळ शेंड्याचा, दोन तुकड्यांचा कार्बन रॉड, पावणेसात फुटांच्या आसपास. पैसे कमी पडले तर रॉडमध्ये थोडी तडजोड चालेल, दोऱ्यात करू नका. रीळ मधलं घ्या, पण रोलर (दोरा वळतो ती छोटी चकती) आणि बेल (दोरा धरणारी, उघडमीट होणारी तारेची कमान) नीट बघून. बारीक ब्रेड स्वस्त रिळात फटीतून स्पूलच्या मागे शिरतो आणि मग अर्धा तास काठावर बसून गुंता सोडवा. तुमचं ४००० चं रीळ चाचणीपुरतं ठीक आहे. शंभर ग्रॅमच्या रॉडवर ते कायमचं लावलंत तर मूठ जड, शेंडा वर, आणि तासाभरात मनगट बोलायला लागेल.

रॉड यायला वेळ असेल, किंवा घ्यायचाच नसेल, तर आहे त्या सेटवर एक जुगाड चालतं. पारदर्शक प्लास्टिकचा, आत पाणी भरता येणारा फ्लोट मिळतो. त्यात पाणी भरलं की दहा-पंधरा ग्रॅम सहज होतात. त्याच्या पुढे मीटरभर लीडर आणि टोकाला तुमची दोन ग्रॅमची लूर. तुमचा मीडियम हेवी हे आनंदाने फेकेल. पडताना आवाज होतो, म्हणून माशांच्या डोक्यावर न टाकता चार-पाच मीटर पलीकडे टाकून ओढत आणायचं. लूरचा स्पर्श हाताला कळत नाही, मासा लागला की फ्लोट अडकल्यासारखा वाटतो, एवढीच उणीव.

नवा रॉड आला की फेकायची सवय मात्र बदलावी लागेल. बेडूक फेकताना जो खाडकन झटका देता तो इथे विसरा. शेंड्यापासून हातभर दोरा खाली सोडा, लूर जरा झुलू द्या, आणि मनगटाने एक सलग झोका द्या, मागून पुढे, न थांबता. लूर पाण्याला टेकायच्या आत बोटाने दोरा हलकासा दाबा, म्हणजे ती सरळ पडते आणि दोरा हवेत ढिला पसरत नाही. बेल हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि एकदा दोरा ताणून घ्या. ब्रेडच्या निम्म्या गुंत्यांचं मूळ या दोन सेकंदांत असतं. स्पिनर वापरताना पुढे छोटा स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारा जोड लावा, नाहीतर दोऱ्याला पीळ भरतो आणि उरलेले निम्मे गुंते तिथून येतात.

जागेबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा संस्थांकडे असतो. काठावर जाळी लावणाऱ्यांना आधी विचारा, ‘दादा, गळ टाकू का’ एवढं म्हटलं तरी बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात आणि मासे कुठे आहेत तेही सांगतात. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, तिथे दुर्बीण न्या, रॉड नको. दुसरं जास्त महत्त्वाचं. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे धरणांच्या काठाकाठाने द्राक्षबागांचे पंप, आणि त्यांच्या तारा अंगावरून गेलेल्या. सात फुटी रॉड वर उचलून चालताना मान वर करून बघा. वळवाचं गडगडायला लागलं की रॉड आडवा खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा, मासा लागलेला असला तरी.

शेवटी तुम्ही विचारलंय की हलक्या रॉडवर चुकून मोठा मरळ लागला तर काय. मोकळ्या पाण्यात काही होत नाही. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरा सोडणारा ब्रेक, आधीच बसवून ठेवा. सहा पाउंडाचा लीडर म्हणजे २.७ किलो, त्याच्या चौथ्या हिश्शाला, म्हणजे सहाशे-सातशे ग्रॅमला दोरा सुटला पाहिजे. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने ओढून बघता येतं. मग रॉड बाजूला धरा, लवू द्या, मासा दमेल. मरळाऐवजी शिवडा लागला तर त्याचे दात लीडर कापतील, त्याला इलाज नाही. पण जलपर्णीच्या कडेला मरळ लागला तर तो पहिल्या उडीतच मुळांत शिरणार, आणि १-७ चा रॉड त्याला वळवू शकत नाही. दोरा तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन फिरतो. म्हणून जुना मीडियम हेवी विकू नका. जलपर्णी दिसली की तोच काढा, ०.३५ च्या तंगुसासकट.